स्कूटरपासून क्यू बत्तीसपर्यंत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी बोलताना गाळलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना पुन्हा घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘माझं कार्यक्षेत्र’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पुण्यात बसून दिवसभर मी जे लिहिते ते इथं सांगायला लागले, तर जेवणाआधीच निम्मी मंडळी पेंगतील. म्हणून थोडी वाट वाकडी करते आणि नाटकाच्या दिव्यांबद्दल बोलते. त्यातही सॉफ्टवेअर आहेच. शिवाय शाळेच्या सभागृहाला दिवे घेऊन द्यायचं आपल्या ग्रुपवर जे चाललं आहे, त्याबद्दल मला एक तक्रारवजा विनंती करायची आहे. ती शेवटी करीन.

आपण नववीत होतो. १९९५ चा जानेवारी, गॅदरिंगची दुसरी रात्र. पटांगणावर मंडप, पुढं सतरंजीवर लहान वर्ग, मागं खुर्च्यांवर पालक. आपल्या एकांकिकेत आई मुलाचं पत्र वाचते तो प्रसंग सुरू झाला आणि कोपऱ्यावरच्या डीपीवर मोठा आवाज झाला. लाइन गेली. वणीत लाइन जाणं ही काही बातमी नव्हती, पण त्या रात्री ती लवकर येणार नाही हे त्या आवाजावरूनच सगळ्यांना कळलं. शिपाईकाका गॅसबत्ती आणायला धावले. तेवढ्यात विज्ञानाच्या सरांनी आपली बजाज स्कूटर प्रेक्षकांच्या मधल्या वाटेनं ढकलत आणली, स्टँडवर लावली, किक मारली आणि हेडलाइट रंगमंचावर धरला.

आठवतंय ना? स्कूटर उभ्या उभ्या चालू असली की दिवा मिणमिणता, आणि रेस दिली की लख्ख. कारण त्या स्कूटरच्या दिव्याला वीज थेट इंजिनावर फिरणाऱ्या मॅग्नेटोकडून मिळायची. इंजिन जितकं जोरात तितका उजेड. सरांना हे ठाऊक होतंच, पण त्यांनी पुढं जे केलं ते कुणीच सांगितलेलं नव्हतं. आई पत्र वाचायला लागली तशी त्यांनी रेस हळूहळू कमी केली. सावकार आला तेव्हा वाढवली. आई रडायला लागली तेव्हा दिवा इतका खाली आणला की स्कूटर आता बंद पडते की काय असं वाटलं. भांडणाच्या प्रसंगात मात्र उजेड भरपूर आणि संवाद एकही ऐकू येईना, कारण इंजिन आमच्यापेक्षा जोरात भांडत होतं. पुढच्या तीन रांगा धुरानं खोकत होत्या. पण आपल्याला त्या वर्षी उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि त्यातलं निम्मं त्या स्कूटरचं होतं, असं मी आजही मानते.

नंतर इंजिनिअरिंगला गेल्यावर मला कळलं की सर जे हातानं करत होते, त्यालाच डिमर म्हणतात. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या घेते. थायरिस्टर नावाचा छोटा पुर्जा प्रत्येक अर्ध्या फेरीत, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा, वीज थोडी उशिरा सोडतो. जितका उशीर तितका दिवा मंद. हॅलोजनची तार तापलेली असल्यामुळं तिला हे तुकडे जाणवत नाहीत, डोळ्यांना दिसतो तो सलग मंद उजेड. थायरिस्टरच्या आधी डिमर म्हणजे दांडे आणि चाकं. एका माणसाचे दोन हात पुरेनात म्हणून कोपर आणि गुडघे वापरून दिवे चालवणारे लोक होते.

कोळसाखाणींच्या गावातल्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. १९५९ मध्ये कलकत्त्याच्या मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्तांचं ‘अंगार’ आलं. खाणकामगारांचं नाटक. त्याच्या शेवटी खाणीत पाणी भरत जातं. रंगमंचावर पाण्याचा थेंब नाही. तापस सेन यांनी तो पूर फक्त उजेडानं आणला आणि प्रेक्षक जागेवर आखडून बसायचे. तेव्हा दिव्यांची आठवण ठेवणारं यंत्र तिथं नव्हतं. प्रत्येक प्रयोगात माणसांनी तो पूर हातानं नव्यानं चढवला.

दिवे लक्षात ठेवणारा संगणक ब्रॉडवेवर पहिल्यांदा आला तो १९७५ मध्ये, ‘अ कोरस लाइन’ या संगीतिकेसाठी. डेस्कचं नाव एलएस-८. तो तिथं आणण्याचा आग्रह धरणारी प्रकाशयोजनाकार एक बाई होती, थॅरन मसर. पुढच्या वर्षी तिला त्या कामासाठी टोनी पुरस्कार मिळाला. हे मी कॉलेजात वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. आमच्या वर्गात आम्ही चारच मुली होतो.

आता डेस्क नेमकं काय करतो ते थोडक्यात. समजा रंगमंचावर चोवीस दिवे आहेत. एका क्षणी कुठला दिवा किती, हे जुळवायचं आणि ‘रेकॉर्ड’ दाबायचं. झाला क्यू नंबर एक. पुढचं चित्र जुळवायचं, क्यू दोन. एका चित्रातून दुसऱ्यात किती सेकंदांत जायचं तेही त्यातच लिहायचं. तालमीत नवीन काही सुचलं तर बारा आणि तेराच्या मध्ये साडेबारा नंबरचा क्यू घालता येतो, सगळी वही खोडावी लागत नाही. प्रयोगाच्या वेळी फक्त एक मोठं बटण. त्यावर लिहिलेलं असतं ‘गो’. डेस्कचा आणि दिव्यांचा संवाद चालतो तो डीएमएक्स ५१२ नावाच्या भाषेत. १९८६ ची भाषा आहे, आमच्या धंद्यात एवढ्या जुन्या गोष्टीला हार घालून भिंतीवर लावतात, पण ही अजून रोज कामावर जाते. एका तारेवर ५१२ आकडे, प्रत्येक आकडा शून्य ते २५५, आणि सगळी यादी सेकंदाला चाळीसेक वेळा पुन्हा पुन्हा वाचली जाते. काही बदललं नसलं तरी. हजेरी घेणाऱ्या बाई तोच पट दिवसभर वाचत बसल्या आहेत अशी कल्पना करा.

हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. हात मात्र दोन वर्षांपूर्वी लावला.

आपल्यातल्याच पाच-सहा जणांनी मिळून दिवाळीच्या सुटीत ‘वाडा चिरेबंदी’ करायचं ठरवलं, हे तुम्हाला माहीत आहे. महेश एलकुंचवार आपल्या जिल्ह्यातले, पारव्याचे. त्यांचं नाटक आपण करायचं नाही तर कुणी. दोन प्रयोग ठरले. दादीचं काम आपल्या मराठीच्या बाईंनी करायचं कबूल केलं, वयाची सत्तरी ओलांडलेली असताना. मला फोन आला, ‘तू कॉम्प्युटरवाली आहेस, दिवे तू बघ.’ कॉम्प्युटरवाली आहे म्हणून माझ्याकडं लोक मिक्सरही दुरुस्तीला आणतात. पण या वेळी मी हो म्हटलं.

दिवे आणि डेस्क एका बिछायत केंद्रातून भाड्यानं आणले. केंद्राचे काका जुने, हातानं डिमर ओढण्यातले. त्यांनी दोन प्रकारचे दिवे दिले, जुने हॅलोजन आणि नवे एलईडी. मला नव्याचं कौतुक. एका दिव्यातून कोणताही रंग, वीज कमी, उष्णता कमी. मग वहिनीच्या दागिन्यांचा प्रसंग उभा करायला घेतला. रात्रीची वेळ, घरातले सगळे दागिने अंगावर घालून उभी असलेली वहिनी. सगळ्या नाटकात मला तोच प्रसंग सगळ्यात अवघड वाटतो, कारण तिथं फार बोलणं नाही, बघणंच आहे. मी एलईडीतून लाल, हिरवा मिसळून छान पिवळा काढला आणि आपल्या मैत्रिणीला उभं केलं. दागिने हिरवट दिसले, आणि तिचा चेहरा आजारी माणसासारखा.

काका मागं उभे होते. म्हणाले, “मॅडम, तो जुना दिवा खाली आणा ना.” हॅलोजन शंभरवरून तीसवर आणला. तार थंड होत जाते तसा तिचा उजेड पांढऱ्यावरून पिवळा, पिवळ्यावरून तांबूस होतो, कंदिलाच्या जवळ जातो. त्यात ते भाड्याचे बेगडी दागिने खरोखर पिढीजात दिसायला लागले. एलईडी मंद केला तर नुसता कमी होतो, त्याचा रंग बदलत नाही. आणि स्वस्त एलईडी अगदी तळाशी शून्यावरून एकवर जाताना चक्क उडी मारतो, ती शेवटच्या रांगेतूनही दिसते. तो प्रसंग आम्ही दोन हॅलोजनवर केला.

पण त्या दोन हॅलोजननीच आमची रात्र घेतली. रंगीत तालमीत दुसऱ्या अंकात सकाळ झाली, अंगणात माणसं बोलायला लागली आणि उजवीकडच्या सगळ्यांचे तोंडवळे काळे. मी तो क्यू उघडून पाहिला तर सात नंबरचा दिवा तीसवर. मी तर तिथं काही केलंच नव्हतं! पाऊण वाजता डोक्यात प्रकाश पडला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण आमच्या धंद्यात ही चूक शिकाऊ पोरं करतात.

असं पाहा. आपल्या वर्गात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात सुविचार असायचा. सोमवारी कुणी लिहिला की पुसेपर्यंत तोच. खाली गणित होवो, भूगोल होवो, सुविचाराला कुणी हात लावत नसे. शुक्रवारी इन्स्पेक्टर आले तर त्यांनाही सोमवारचाच सुविचार दिसे. बरेचसे डेस्क असंच वागतात. त्याला ट्रॅकिंग म्हणतात. प्रत्येक क्यूमध्ये डेस्क अख्खं चित्र साठवत नाही, आधीच्या चित्रात काय बदललं तेवढंच साठवतो. बाकीचं आधीपासून चालत येतं. दागिन्यांच्या प्रसंगात मी सात नंबरचा दिवा तीसवर आणला आणि नंतर त्याला कुठंच काही सांगितलं नाही. तो बिचारा पुढच्या अंकापर्यंत तीसवरच राहिला. याचा फायदाही मोठा आहे, संपूर्ण अंकभर एखादा दिवा थोडा वाढवायचा तर एकाच जागी वाढवला की पुढं सगळीकडे वाढतो. पण प्रसंग संपला की फळा पुसायला हवा. त्यासाठी ब्लॉक क्यू असतो, म्हणजे ‘इथं आधीचं काही धरू नको, प्रत्येक दिव्याचा आकडा नव्यानं घे.’ मी प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला ब्लॉक टाकले. दोन वाजता घरी गेलो.

आता क्यू बत्तीस. खरं तर हे सांगावं की नाही यावर मी पुण्याहून येताना गाडीत बराच विचार केला. बाई समोर बसल्या आहेत.

नाटकातली दादी वेळ विचारत राहते. आमच्या दिग्दर्शकानं एका प्रसंगाचा शेवट असा बसवला होता की सगळे निघून जातात, वाडा अंधारतो, फक्त दादीच्या कोपऱ्यात उजेड उरतो. ती वेळ विचारते. मग तोही उजेड जातो. क्यू एकतीसमध्ये बाकी सगळं सहा सेकंदांत खाली, दादीचा कोपरा पस्तीसवर. क्यू बत्तीसमध्ये तो कोपराही चार सेकंदांत बंद. तालमींमध्ये मी घड्याळ लावून पाहिलं होतं. बाई दर वेळी सात सेकंदांच्या आसपास बोलायच्या. शिस्तीच्या बाई, विचारायलाच नको. तेव्हा मी हुशारी केली. डेस्कमध्ये ‘फॉलो’ नावाची सोय असते. एक क्यू सुरू झाला की ठरावीक सेकंदांनी पुढचा आपोआप सुटतो, बटण दाबायला नको. मी एकतीसच्या मागं बत्तीस लावून दिला, बारा सेकंदांनी. सातला बोलणार, नऊपर्यंत संपणार, वर तीन सेकंद शिल्लक. म्हटलं, माणसाची चूक व्हायची शक्यताच नको.

काकांना मी हे कौतुकानं दाखवलं. ते म्हणाले, “मशीन चांगली हाय मॅडम. पन तिले स्टेज कुठं दिसते?” मी हसले.

पहिला प्रयोग. सभागृह भरलेलं. एकतीस सुटला, वाडा अंधारला, बाई कोपऱ्यात. आणि त्या बोलेनात. विसरल्या नव्हत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. समोरचं सभागृह इतकं गप्प झालं होतं की त्यांना ते मोडवेना. त्यांनी मान थोडी वळवली, दाराकडं पाहिलं, जणू कुणी येतंय. तालमीत असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी डेस्कमागं बसून बघत होते, आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की पडद्यावर सेकंद मोजले जाताहेत. नऊ. दहा. डेस्कला थांबवायचं बटण असतं. मला ते माहीत होतं. माझा हात उठला नाही, कारण त्या क्षणी तिथं हात लागेल अशी मी तयारीच ठेवली नव्हती. अकरा. बारा. बाईंच्या चेहऱ्यावरचा उजेड जायला लागला आणि पूर्ण अंधार झाल्यावर त्यांचा आवाज आला. वेळ विचारणारा.

मध्यंतरात चार लोकांनी येऊन माझं अभिनंदन केलं. अंधारातून आलेला तो आवाज, वा, काय कल्पना आहे! एकानं तर दिग्दर्शकाचा हात धरून हलवला. मी काही बोलले नाही. त्यांना काही कळलं नाही याचा मला तेव्हा आनंद झाला, हेही आज कबूल करते.

प्रयोगानंतर ग्रीन रूममध्ये बाई पांढरा रंग पुसत बसल्या होत्या. मी पाया पडले तर म्हणाल्या, “अगं, मी विचारायच्या आधीच निजवलंस की मला.” रागावल्या नव्हत्या. पण निबंधाच्या वहीवर लाल शाईनं जेवढं लिहायच्या, तेवढंच.

मी रात्री त्यावर विचार केला तेव्हा मला माझी चूक जरा वेगळी दिसली. बारा सेकंद कमी पडले, वीस ठेवायला हवे होते, असं नव्हतं. वीस ठेवले असते तर ज्या दिवशी त्या सातव्या सेकंदाला बोलल्या असत्या, त्या दिवशी उजेड उगाच ताटकळत राहिला असता. दिवे किती, कुठले, किती वेगानं, हे सगळं आधी ठरवता येतं आणि ठरवावंच. ते यंत्र माझ्यापेक्षा चांगलं लक्षात ठेवतं. पण बाई केव्हा बोलतील हे त्या दिवशीच्या सभागृहावर अवलंबून आहे आणि ते मला आदल्या रात्री लिहिता येत नाही. त्या एका गोष्टीचा निर्णय माझ्याकडं होता आणि मी तो बाईंना न विचारता यंत्राला देऊन टाकला होता. फॉलोला कामं आहेत. वीज चमकली की पाठोपाठचे तीन क्यू सुटायला हवेत, तिथं बोट पुरत नाही. जिथं माणूस श्वास घेतो तिथं फॉलो नको.

दुसऱ्या प्रयोगाआधी मी बत्तीसच्या मागचा फॉलो काढला. एकतीस सुटला आणि मी बोट ‘गो’वर ठेवून बसले. बाई त्या दिवशी फारशा थांबल्याच नाहीत, पाच-सहा सेकंदांत बोलल्या. आणि बोलून झाल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटले नाहीत, बघत राहिल्या. मी थांबले. किती ते मोजलं नाही. त्यांनी पापणी खाली घेतली तेव्हा दाबलं.

आता ती विनंती.

सभागृहासाठी जे कोटेशन ग्रुपवर आलं आहे ते मी वाचलं. त्यातले दिवे सुंदर आहेत. आवाजावर आपोआप नाचतात, रंग बदलतात, शंभर तयार कार्यक्रम आत भरलेले आहेत, कुणी चालवायची गरज नाही असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं आहे. गॅदरिंगच्या डान्सला ते छान. पण कुणी चालवायची गरज नाही, हीच मला त्यातली अडचण वाटते. तेवढ्याच पैशांत सहा साधे हॅलोजन, डिमर, चार बरे एलईडी आणि एक लहान मेमरी डेस्क येतो. काही पैसे उरतीलही. मात्र त्याआधी अर्थिंग तपासून घ्यायला हवं, हे कोटेशनमध्ये कुठंच नाही. डीएमएक्सची तार माइकच्या केबलवर भागवायची नाही, दिवे फडफडतात. ती एका दिव्यातून दुसऱ्यात अशी माळेसारखी न्यायची, मध्येच फांद्या फोडायच्या नाहीत, आणि शेवटच्या दिव्याला १२० ओहमचा टर्मिनेटर लावायचा. तो अगदी किरकोळ किमतीत मिळतो आणि सगळे तोच विसरतात. डेस्कला छोटा यूपीएस हवाच, लाइन अजूनही जातेच की.

आठवी-नववीच्या चार मुलामुलींना शिकवायला मी दिवाळीत आणि उन्हाळ्यात येईन. मुली निम्म्या हव्यात, ही अट आहे. पहिल्या दिवशी आपण डेस्क उघडणारच नाही. सरांची ती स्कूटर अजून त्यांच्या गोठ्यात उभी आहे असं मला काल कळलं. ती सुरू होत असेल तर पहिला धडा तिच्यावर, आणि रेस सरांनी द्यायची.

उद्या सकाळी दहा वाजता मी सभागृहाचं माप घ्यायला जाणार आहे. किल्ली मुख्याध्यापकांनी देतो म्हटलं आहे. कुणाकडं बारा फुटी शिडी असेल तर घेऊन या.